स्मारकातील षष्ठी : हॅन्ली येथील मिचेल-स्मारकांचे एक विवेचन

(१)

विमानरचनाकाराच्या स्मारकावरील लेखास भाषाविषयक पत्रिकेत स्थान असावे काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. स्मारक हे दगडाचे असो, धातूचे असो वा एखाद्या वास्तूच्या रूपाचे असो, ते मूलतः एक विधान असते. कोणी, कशाने, काय केले आणि ते कोणाचे, हे ते सांगते. विधान म्हटले की त्यात कर्ता आला, क्रिया आली, कारके आली; आणि जेथे कारके स्पष्ट करण्याची वक्त्याची इच्छा नसते तेथे षष्ठी आली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, स्मारकाची सारी थोरवी आणि त्याची सारी चलाखी बहुधा ह्या षष्ठीतच साठविलेली असते. हे प्रतिपादन तपासून पाहण्यासाठी एका इंग्लिश शहरातील तीन स्मारके घेतली आहेत.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर परगण्यात स्टोक-ऑन-ट्रेंट नावाचे शहर आहे. चिनी मातीच्या भांड्यांविषयी ते जगभर ख्यात आहे. सहा जुन्या गावांचा १९१० मध्ये संघ होऊन ते बनले. त्या सहांपैकी हॅन्ली हे बाजारपेठेचे व करमणुकीचे केंद्र होय. ह्या हॅन्लीत रेजिनाल्ड जोसेफ मिचेल (१८९५-१९३७) ह्याची तीन स्मारके थोड्याथोड्या अंतरावर आहेत. मिचेल हा ‘स्पिटफायर’ ह्या लढाऊ विमानाचा रचनाकार. पहिले स्मारक म्हणजे लोकवर्गणीतून उभारलेले व १९५७ मध्ये उघडलेले तरुणांचे केंद्र व नाट्यगृह. दुसरे म्हणजे १९७२ मध्ये शहरास मिळालेले व तेथील वस्तुसंग्रहालयात ठेवलेले एक स्पिटफायर विमान. आणि तिसरे म्हणजे त्याच संग्रहालयाबाहेर जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९५ मध्ये, उभारलेला त्याचा ब्राँझचा पुतळा. तिघांचा विषय एकच; परंतु तिघांचे विधान एक नाही, आणि तिघांचे मोलही एक नाही.

(२)

विवेचनास लागणारी व्याकरणाची सामग्री थोडकी आहे. पाणिनीय परंपरेत क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता. क्रियासिद्धीस जे सर्वांत अधिक उपकारक ते करण. आणि कर्त्यास प्रवृत्त करणारा तो प्रयोजक, ज्यास हेतू अशीही संज्ञा आहे. षष्ठीस ह्या कारकांच्या मालिकेत स्थान नाही. कारकांच्या पलीकडे जो संबंध उरतो, त्या शेष संबंधाची ती विभक्ती. तथापि कृदन्ताच्या योगात हीच षष्ठी कधी कर्ता दाखविते, तर कधी कर्म. ‘मिचेलची रचना’ येथे मिचेल रचणारा आहे. ‘विमानाची रचना’ येथे विमान रचले जाणारे आहे. प्रत्यय तोच, फरक श्रोत्याने ओळखावयाचा असतो.

मराठीत ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय किती भार वाहतो हे पाहावयाचे असल्यास दूर जावयास नको. पुण्यातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. तो शिल्पकार विनायकराव करमरकर ह्यांनी घडविला. ‘हा महाराजांचा पुतळा करमरकरांचा आहे’ असे वाक्य आपण सहज बोलतो व ऐकणाऱ्याचा कोणताही घोटाळा होत नाही. पहिल्या षष्ठीत पुतळ्याचा विषय सांगितला आहे, दुसरीत त्याचा घडविणारा. आणखी कोणी ‘हा पुतळा पुण्याचा’ असे म्हटले, तर तिसरा संबंध निष्पन्न होतो. व्यवहारात ह्या संदिग्धतेने काही बिघडत नाही. परंतु जेथे श्रेयाची वाटणी करावयाची असते तेथे ही संदिग्धता निरुपद्रवी राहत नाही. ‘मिचेलचे स्पिटफायर’ आणि ‘स्टोकचा मिचेल’ ह्या दोन षष्ठ्यांवर हॅन्लीतील तिन्ही स्मारके उभी आहेत. त्या क्रमाने सोडवून पाहू.

(३)

‘मिचेलचे स्पिटफायर’ हा पद-समूह बहुतेक सर्व वाचक ‘मिचेलने रचलेले’ असा सोडवितील, आणि ते चूक नाही. १९१७ मध्ये मिचेल साउथॅम्प्टननजीक वूल्स्टन येथील सुपरमरीन कंपनीत दाखल झाला. दोनच वर्षांत तो तिचा मुख्य रचनाकार झाला. श्नायडर चषकाच्या जलविमान-शर्यतींत त्याच्या विमानांनी १९२७, १९२९ व १९३१ अशा लागोपाठच्या स्पर्धा जिंकून तो चषक ब्रिटनकडे कायमचा आणला, आणि त्याच १९३१ च्या सप्टेंबरात त्याचे विमान ताशी ४०० मैलांच्या पुढे गेले. एवढे झाल्यावर त्याने हवाई मंत्रालयासाठी लढाऊ विमान रचले. १९३४ च्या फेब्रुवारीत उडालेले हे ‘टाइप २२४’ जवळजवळ फसलेच. ‘स्पिटफायर’ हे नाव प्रथम, अनधिकृतपणे का होईना, ह्या फसलेल्या विमानास चिकटले होते. ते नाव कंपनीच्या अध्यक्षाने सुचविले आणि मिचेलला ते मुळीच रुचले नाही, असे सांगितले जाते. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ तोंडातून जाळ ओकणारी, तापट व्यक्ती, विशेषतः स्त्री, असा आहे. म्हणजे ज्या नावाने मिचेल आज ओळखला जातो ते नाव मिचेलचे नव्हे. आणि जे विमान निःसंशय मिचेलचे होते, त्या टाइप २२४ चे स्मारक कोठेही नाही. षष्ठीस यश हवे असते, अपयश नको असते.

पुढचे नमुना-विमान ५ मार्च १९३६ रोजी ईस्टले येथून प्रथम उडाले. ३ जून १९३६ रोजी ३१० विमानांची मागणी नोंदविली गेली. ह्या विमानाची ओळख म्हणजे त्याचे पातळ, लंबवर्तुळाकार पंख. त्यांच्या आकारामागचे वायुगतिशास्त्रीय गणित प्रामुख्याने बेव्हर्ली शेनस्टोन ह्या कॅनेडियन सहकाऱ्याचे. त्यांत आठ मशीनगन बसवाव्यात ही अट मंत्रालयाची. मर्लिन इंजिन रोल्स-रॉइस कंपनीचे. उलट्या गतीत हे इंजिन बंद पडण्याचा दोष होता. त्यावर १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग ह्या अभियंता स्त्रीने भोक पाडलेल्या एका लहानशा धातूच्या चकतीचा उपाय काढला. मिचेल ११ जून १९३७ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी, कर्करोगाने वारला. त्यानंतर जोसेफ स्मिथ ह्याने रचनाविभागाची धुरा घेतली आणि १९४८ पर्यंत हे विमान इतके बदलत नेले की आरंभीच्या सुमारे १,००० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या जागी शेवटी त्याच्या दुप्पट शक्तीचे इंजिन त्यात बसले. एकंदर २०,००० हून अधिक स्पिटफायर विमाने तयार झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक बर्मिंगहॅमजवळील कॅसल ब्रॉमिच येथे बनली, ज्या कारखान्यात मिचेलने पाऊलही ठेवले नव्हते. कारण तो उभारला गेला तोच त्याच्या मृत्यूनंतर.

हा तपशील मिचेलचे श्रेय कमी करण्यासाठी दिलेला नाही. त्याच्यावाचून हे विमान झाले नसते, ह्याविषयी त्याच्या सहकाऱ्यांनाही शंका नव्हती. प्रश्न आहे तो त्याच्या कर्तृत्वाच्या जातीचा. आपल्या वास्तुग्रंथांत शिल्पिजनांचे चार वर्ग सांगितले आहेत : स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी व तक्षक. स्थपती सर्वांचा प्रमुख. सूत्रग्राही मापे धरणारा. वर्धकी जोडणी करणारा. तक्षक कापणारा, तासणारा. ‘डिझायनर’ ह्या शब्दास आज मराठीत ‘अभिकल्पक’ असा प्रतिशब्द चालतो. तो सोयीचा खरा. परंतु त्याने असे भासते की कल्पना एका डोक्यात जन्मली व तयार होऊनच बाहेर आली. ‘स्थपती’ ह्या शब्दात हा दोष नाही. स्थपती म्हटले की उरलेले तिघे मागे उभे असलेले दिसतात. मिचेल हा स्थपती होता. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर तो एकमेव कर्ता नव्हे. अनेक कर्त्यांस प्रवृत्त करणारा प्रयोजक होय. प्रयोजकास कमी लेखण्याचे कारण नाही. त्यास कर्त्याच्या जागी बसविले की इतर सर्व कर्ते लुप्त होतात, एवढेच लक्षात घ्यावयाचे.

(४)

आता ‘स्टोकचा मिचेल’. मिचेलचा जन्म २० मे १८९५ रोजी बट लेन ह्या गावी झाला. हे गाव स्टोक शहराच्या हद्दीबाहेर, उत्तरेस आहे. तो काही महिन्यांचा असतानाच कुटुंब लाँग्टन येथे राहावयास आले. शाळा हॅन्लीत झाली. सोळाव्या वर्षी फेंटन येथील रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यात तो उमेदवार म्हणून लागला. बावीस वर्षांचा होईतो तो ह्या परिसरात राहिला. उरलेली वीस वर्षे, आणि ज्यांसाठी त्याचे स्मरण होते ती सर्व विमाने, साउथॅम्प्टनकडे गेली. मृत्यूही तेथेच आला.

तेव्हा तीन ठिकाणांच्या तीन षष्ठ्या आहेत : बट लेनची षष्ठी जन्माची, साउथॅम्प्टनची कार्याची, आणि स्टोकची घडणीची. ह्यांपैकी स्टोकची षष्ठी सर्वांत दुर्बळ आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. मला ती सर्वांत अर्थपूर्ण वाटते. कारण ह्या शहराने मिचेलला जे दिले ते म्हणजे कारखान्याचे शिक्षण : उमेदवारी, हातास तेल लागणे, रात्रीच्या वर्गात गणित व यंत्रशास्त्र शिकणे. त्याच्या विमानांशी शहराचा कोणताही संबंध नसला तरी त्याच्या उमेदवारीशी आहे. स्थानिक स्मारकाने जो दावा करावयाचा तो ह्या मर्यादेत राहून केला, तर तो पूर्णपणे खरा ठरतो. ही मर्यादा तिघांपैकी कोणत्या स्मारकाने पाळली, हे आता पाहावयाचे.

(५)

प्रथम पुतळा. पुतळ्याची भाषा एकवचनाची असते. ती त्याची प्रकृतीच आहे. चौथऱ्यावर एक मनुष्य उभा केला की वाक्यात एकच कर्ता उरतो. परंतु ह्या पुतळ्यात त्याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे. तो युद्धातील विमानाचा जनक म्हणून उभा आहे. आणि युद्ध १९३९ मध्ये सुरू झाले, तेव्हा मिचेलला जाऊन दोन वर्षे झाली होती. नमुन्याच्या पलीकडचे एकही स्पिटफायर त्याने उडताना पाहिले नाही. ‘युद्धकालीन रचनाकार’ असे त्यास म्हणणे म्हणजे उत्तरकाळाचे विशेषण पूर्वकाळाच्या विशेष्यास लावणे होय. ह्या आरोपाचे मूळ १९४२ च्या एका चित्रपटात सापडते. लेस्ली हॉवर्ड ह्याने त्यात मिचेलची भूमिका केली. चित्रपटातला मिचेल जर्मनीत जाऊन येणारे संकट ओळखतो आणि देशासाठी अतिश्रम करून प्राण वेचतो. खऱ्या मिचेलवर १९३३ मध्ये कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्यातून उठून त्याने १९३४ मध्ये स्वतः विमान चालविण्याचा परवाना मिळविला आणि तो कामास लागला. हे खरे वृत्त चित्रपटाच्या कथेपेक्षा अधिक मोठे आहे. तथापि युद्धात गुंतलेल्या राष्ट्रास रुग्ण कारागीर नको होता, हुतात्मा हवा होता. पुतळा त्या हुतात्म्याचा आहे की त्या कारागिराचा, हे पाहणारास त्यावरून ठरविता येत नाही.

आपल्याकडील वीरगळ येथे तुलनेस घेण्यासारखा आहे. त्याच्या खालच्या भागात लढाई, मध्ये अप्सरांबरोबर स्वर्गारोहण, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही; वीराचे नावही आपणांस कळत नाही. तरवार घडविणारा लोहार तर त्यात कोठेच नाही. म्हणजे वीरगळाचे विधान क्रियाप्रधान आहे : येथे कोणी लढला व पडला. विसाव्या शतकाने ह्याच्या उलट टोक गाठले. लढणारे हजारो, म्हणून ते निनावी झाले. आणि शस्त्र घडविणाऱ्यास चौथरा मिळाला. ह्यात लोहारास न्याय मिळाला हे चांगलेच. परंतु एका लोहारास मिळालेला न्याय भट्टीवरील इतरांवर अन्याय होऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे.

दुसरे स्मारक प्रत्यक्ष विमानाचे. येथे पाहणाऱ्यास वाटते की आता तरी षष्ठीची संदिग्धता संपली; हे विमानच मिचेलचे. वस्तुस्थिती मौजेची आहे. संग्रहालयातील विमान ‘मार्क १६’ ह्या जातीचे. ते १९४५ मध्ये, म्हणजे मिचेलच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, तयार झाले. ह्या जातीचे इंजिन मर्लिनच, पण अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने बांधलेले. सांगाडा कॅसल ब्रॉमिचचा. सुधारणा स्मिथच्या विभागाच्या. मिचेलच्या गावी मिचेलचे म्हणून जे विमान ठेवले आहे, ते त्याच्या सहकाऱ्यांचे, अनुयायांचे व दूरदेशीच्या कामगारांचे सर्वाधिक आहे. हे विमान पुतळ्याच्या एकवचनास, बोलविता धनी नसतानाही, अनेकवचनाने उत्तर देते. २०१८ ते २०२१ ह्या काळात त्याची नीट डागडुजी होऊन त्यास नवे दालन मिळाले, हे योग्यच झाले. मात्र प्रेक्षकाने त्यात आद्य विमान न पाहता एका रचनेची दीर्घ परंपरा पाहावी.

ह्या अनेकवचनात आपलाही एक धागा आहे, आणि तो कंसात आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ व्या पथकाच्या नावापुढे कंसात ‘हैदराबाद’ असे लिहीत. १२४ व्या पथकापुढे ‘बडोदे’. दोन्ही पथके स्पिटफायर वापरीत, आणि ती नावे निझामाच्या व गायकवाडांच्या देणग्यांमुळे मिळाली. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. देणगी निझामाच्या नावावर जमा झाली. परंतु ज्या साऱ्याने संस्थानाची तिजोरी भरे तो देणाऱ्यांत मराठवाड्याचा शेतकरीही होता. त्याने स्पिटफायर हा शब्द ऐकला असण्याचा संभव थोडा. व्याकरणात कंस हे चिन्ह वाक्याच्या अन्वयाबाहेरील मजकुरासाठी असते. ह्या शेतकऱ्याचा अन्वय अजून कोणत्याही स्मारकाने लावलेला नाही.

तिसरे, आणि कालदृष्ट्या पहिले, स्मारक म्हणजे तरुणांचे केंद्र व नाट्यगृह. १९५७ मध्ये त्याचे उद्घाटन डग्लस बेडर ह्या प्रसिद्ध वैमानिकाने केले; १९४० च्या हवाई लढाईत हा वैमानिक स्पिटफायरमधून नव्हे, तर सिडनी कॅम ह्याने रचलेल्या हरिकेन विमानातून लढला होता. त्या लढाईत हरिकेनांची संख्या अधिक होती व शत्रूची अधिक विमाने त्यांनीच पाडली, ही गोष्ट स्पिटफायरच्या कीर्तीपुढे अनेकदा विसरली जाते. ह्या केंद्रात विमानाची आकृती मुख्य नाही, मिचेलची मुद्राही मुख्य नाही. मुख्य आहे ते तेथे येऊन काही शिकणारे, काही करून पाहणारे तरुण. कारकाच्या भाषेत, ह्या स्मारकात संप्रदान आहे : ते कोणासाठी आहे हे ते सांगते. पुतळा व विमान ह्यांत हे कारक रिकामे आहे. शहराने मिचेलला उमेदवारी दिली. ह्या वास्तूने ती उमेदवारी पुढच्या पिढीस परत दिली. स्टोकची षष्ठी जेथे खरी आहे, नेमके तेथेच हे स्मारक उभे आहे.

ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल की, उपयोगी वास्तू हे स्मारकच नव्हे. लोक तिचा उपयोग करतात आणि ज्याच्यासाठी ती आहे त्यास विसरतात. आक्षेप बिनतोड नसला तरी निराधार नाही. आज ती वास्तू ‘मिचेल आर्ट्स सेंटर’ ह्या नावाने चालते. मूळ नावातील ‘मेमोरियल’ हा शब्द गळला आहे. ‘मिचेल’ हे आता तेथे विशेषनामापेक्षा स्थलनाम अधिक आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास ह्यात केवळ ऱ्हास दिसू नये. नाव रोजच्या बोलण्यात मिसळणे हा स्मरणाचाच एक प्रकार आहे. आणि तेथे वीस वर्षांची मुलगी ‘मी मिचेलला जाते’ असे म्हणत असेल, तर ती चतुर्थी पुतळ्याच्या षष्ठीपेक्षा कमी प्रतीची आहे असे मला वाटत नाही.

(६)

एक मुद्दा उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ‘मिचेलचे विमान’ ही षष्ठी जर विजयाचे श्रेय देत असेल, तर तिनेच विनाशाचे उत्तरदायित्वही दिले पाहिजे. ह्या विमानाच्या बंदुकांनी माणसे मारली. तसेच हे विमान जेथे बनत होते त्या वूल्स्टनच्या कारखान्यावर १९४० च्या २४ व २६ सप्टेंबरला बॉम्ब पडले आणि कामगार व आसपासचे रहिवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर उत्पादन गराजे, धुलाईखाने अशा लहानमोठ्या जागी विखुरले गेले व तेथे स्त्रियांनी मोठ्या संख्येने काम केले. प्रतिपक्षाच्या विमानाचा रचनाकार विली मेसरश्मिट ह्यास युद्धानंतर नाझीवादाच्या निर्मूलनासाठी नेमलेल्या न्यायालयापुढे उभे राहावे लागले. तेथे प्रश्न विमानाच्या रचनेचा नव्हता, वेठीच्या मजुरांचा होता. दोन्ही रचनाकारांच्या नावापुढील षष्ठी व्याकरणदृष्ट्या एकच. तिचा नैतिक अर्थ मात्र रचनेने ठरत नाही. ती रचना कोणाच्या हातून, कोणत्या परिस्थितीत व कशासाठी सिद्ध झाली, ह्याने ठरतो. म्हणून शस्त्रकाराच्या स्मारकात त्या हातांना जागा असणे हे केवळ सौजन्य नव्हे. त्यांच्यावाचून स्मारकाचा नैतिक अर्थच लागत नाही.

(७)

निष्कर्ष असा : स्थानिक स्मारकाची परीक्षा त्याच्या आकाराने वा खर्चाने करू नये, त्यातील षष्ठी सोडवून करावी. ‘अमक्याचे’ म्हणजे कोणी रचलेले, कोणी बनविलेले, कोणी पैसा दिलेले, कोणासाठी ठेवलेले, हे प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे देऊ शकणारे स्मारक खरे; टाळणारे स्मारक देखणे असले तरी अपुरे. हॅन्लीतील पुतळा मिचेलचा सन्मान करतो, विमान त्याच्या परंपरेची साक्ष देते. परंतु १९५७ ची ती साधी वास्तू एकटीच त्याच्या घडणीशी प्रामाणिक राहते. विमान किंवा पुतळा काढून टाकावा असे ह्यावरून सूचित होत नाही. पुतळ्याशेजारी शेनस्टोन, स्मिथ आणि वूल्स्टनचे मृत ह्यांची नावे कोरली गेली, तर मिचेलची उंची तसूभरही कमी होणार नाही. स्थपती आपल्या सूत्रग्राही, वर्धकी व तक्षकांमध्ये उभा राहिल्याने लहान होत नसतो.

आपल्या परिसरातही स्मारकांची वाण नाही. विभागातील विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या एकेका स्मारकावरील विभक्ती अशाच सोडवून पाहाव्यात. व्याकरण हे केवळ परीक्षेचे शास्त्र नसून न्यायाचेही आहे, हे त्यातून त्यांना उमगल्यावाचून राहणार नाही.